मुळीची गोळी

आमचे हे तापट होते असं कुणी म्हटलं, तर मी आजही भांडायला उठेन. ब्लडप्रेशर तापट माणसाला होतं अशी तेव्हा लोकांची समजूत होती, आणि ह्यांना ते निघालं तेव्हा गल्लीतल्या बायकांनी आधी माझ्याकडे बघितलं. त्यांचंही काही चुकलं नाही. घरात तापट मी होते. हे म्हणजे शाळेत एखाद्याने पाटी फोडली तर त्याचं बोट कापलं का ते आधी बघणारे.

मिरजगावच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून आत आमचं गाव. तिथल्या प्राथमिक शाळेत हे शिक्षक होते. सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणायचं. शाळेत अगदी पुस्तकातलं बोलायचे, आणि घरी आले की वहाणांबरोबर ती भाषाही दाराबाहेर काढून ठेवायचे. मी चिडवायचे, "शाळेत आहे, आन् घरात हाय." त्यावर ते मोठ्यानं हसायचे, शेजारी ऐकू जाईल असं. त्या हसण्यावर माझा फार जीव होता.

तिसऱ्या बाळंतपणात माझं काही खरं नव्हतं. रक्त थांबेना. बैलगाडीत घालून मला मिरजगावला नेलं, तिथल्या नर्सबाईंनी कसंबसं वाचवलं आणि ह्यांना समोर उभं करून सांगितलं, आता चौथं नको, नाहीतर बायको गमवाल. त्या दिवसांत सरकारचा कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनसाठी जोर होता. मास्तर, तलाठी, ग्रामसेवक, सगळ्यांच्या मागे लकडा, केसेस आणा. गावात तर पुरुषाने ऑपरेशन करणं म्हणजे हसण्याचा विषय. नांगर धरणारा माणूस अधू झाला तर घर कुणी चालवायचं, बाईचंच करा, असं बायकाच म्हणायच्या. मी मात्र ह्यांना स्पष्ट सांगितलं, "माझ्यात आता कापून घ्यायजोगं काय राह्यलं न्हाई. तुमी करून घ्या."

हे लगेच तयार झाले. म्हणाले, "लोकास्नी सांगायचं तर आधी आपुन करावं." आमच्या शेजारी एक शेतकरी राहायचा, ह्यांच्याच वयाचा. सकाळचा चहा त्याला आमच्याच घरी लागायचा. त्याच्याही घरात पोरांची रांग होती. तो म्हणाला, "गुरुजी, तुमी आधी जाऊन या. तुमचं बघून मग मी ठरवतो." हे त्याला हसून म्हणाले, "कायबी फरक पडत न्हाई, बघशील तू," आणि कर्जतच्या शिबिराला गेले.

तिथे ऑपरेशनच्या आधी दंडाला रबरी पट्टी बांधून प्रेशर बघितलं. ते इतकं होतं की डॉक्टरांनी ह्यांना बराच वेळ आडवं करून ठेवलं आणि पुन्हा बघितलं. ऑपरेशन उरकलं, पण घरी सोडताना बजावलं, नगरला जाऊन मोठ्या डॉक्टरांना दाखवा, अंगावर काढू नका. म्हणजे ऑपरेशन आणि ब्लडप्रेशर ही दोन्ही आमच्या घरात एकाच दिवशी आली. पुढची सगळी चूक त्यातूनच झाली.

जखम भरल्यावर आम्ही एसटीने नगरला गेलो. माळीवाड्याच्या स्टँडपासून चालत जाण्याच्या अंतरावर एका वयस्क डॉक्टरांचा दवाखाना होता. त्यांनी लहान पांढऱ्या गोळ्या दिल्या. मीठ बंद, जागरण बंद, आणि गोळी एकही दिवस चुकवायची नाही. हे इंग्रजी औषधाला घाबरायचे. त्यांचा चेहरा बघून डॉक्टर म्हणाले, "अहो गुरुजी, ही आपल्याच रानातल्या मुळीची आहे. सर्पगंधा. आपले वैद्य पूर्वीपासून देत आलेत." त्यावर ह्यांचा जीव भांड्यात पडला. येताना एसटीत मला म्हणाले, "झाडपाल्याचंच हाय. झाडपाल्यानं कुनाचं वाईट हुत न्हाई."

गावातही तेच मत झालं. सुरी सरकारची, म्हणून तिच्यावर सगळ्यांचा संशय. मुळी आपल्या रानातली, म्हणून तिच्यावर विश्वास. माझाही होताच, मी काही निराळी नव्हते.

मी घरात मीठच बंद केलं. मुलांच्या ताटात वरून चिमूट घालायचे, आणि ह्यांच्याबरोबर मीही अळणी खायचे. पाऊस दगा देऊन गेला होता आणि रेशनवर ती लाल मिलो ज्वारी मिळत होती. तिची भाकरी मीठ घालूनही घशाखाली उतरायची नाही, तर अळणी कशी लागत असेल ते सांगत नाही. आमच्याकडे बायका काही मागणं असलं की अळणी वार धरतात. विहिरीवर बायकांनी विचारलं, कशाचं मागणं मागतीस गं, रोजच अळणी खातीस ती? मी सांगितलं, नवऱ्याला मीठ वर्ज्य आहे म्हणून. त्यांना ते पटलं नाही. मला आणखी एक मुलगा हवा असणार असं त्यांनी आपसात ठरवून टाकलं. मला हसू आलं आणि रागही आला.

शिबिरातल्या लोकांनी काही महिने जपून राहायला सांगितलं होतं. आम्ही राहिलो. ती मुदत संपल्यावर हे माझ्याजवळ आले आणि काही झालं नाही. दमले असतील म्हणून मी सोडून दिलं. पुन्हा तसंच झालं. नंतर पुन्हा. मग ते जवळ यायचेच बंद झाले. मी हे आज लिहिते आहे, पण त्या वेळी मनातल्या मनातसुद्धा त्याला नाव नव्हतं. बाईने असल्या गोष्टीचा विचार करायचा नाही, असं मला कुणी शिकवलं नव्हतं. ते न शिकवताच ठाऊक होतं.

त्याबरोबर त्यांचं सगळंच बदललं. नाक सतत चोंदलेलं, बोलणं गेंगाणं. शाळेतून आले की भिंतीला टेकून बसून राहायचे. धाकटी मुलगी मांडीवर चढली तरी तिच्याकडे लक्ष नसायचं. एकदा भाकरी मोडता मोडता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी विचारलं काय झालं, तर म्हणाले, "काय न्हाई, उगंच." आणि एकदा, मी भाजी निवडत असताना, माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझ्या सांगन्यावरनं गेलो मी." एवढंच. ते वाक्य माझ्या उरात बसलं. त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर मी आठ परत दिल्या असत्या, आणि आम्ही दोघं मोकळे झालो असतो. पण त्यांना शिव्या देता येत नव्हत्या.

गोळ्या मिरजगावात मिळत नसत. परीक्षांच्या दिवसांत ह्यांना सुटी नव्हती, म्हणून एकदा मी एकटीच नगरला गेले. डॉक्टरांनी विचारलं, गुरुजी कसे आहेत? मी नाकाचं सांगितलं, झोपेचं सांगितलं, उदास असतात म्हणून सांगितलं. डॉक्टरांनी लिहिता लिहिता हात थांबवला, खिडकीकडे बघितलं आणि विचारलं, "आणि बाकी संसार ठीक चाललाय ना?" मी मान खाली घातली. त्यांना तेवढं पुरलं.

"केव्हापासून?" त्यांनी विचारलं.

"ऑपरेशन झालं तवापासून," मी म्हणाले.

डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशनचा ह्याच्याशी काडीचाही संबंध नाही, बाई. हे ह्या गोळीनं होतं. नाक, झोप, उदासपण आणि तेही. सगळ्यांना होत नाही, काहींना होतं." मी म्हणाले, मग दुसरी गोळी द्या. ते म्हणाले, दुसऱ्या आहेत, पण त्यांचंही तेच रडगाणं, आणि एक तर अशी आहे की माणूस उठून उभा राहिला की चक्कर येऊन खाली पडतो. ह्यांचं प्रेशर जुनं आणि जबर आहे, गोळीशिवाय इलाज नाही. मग चष्मा काढून म्हणाले, "त्यांना सांगू नका. पुरुषांना हे कळलं की गोळी बंद करतात. आणि बंद केली की एक दिवस डोक्यातली शीर फुटते."

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसून रडले. शेजारच्या बाईने विचारलं, माहेराहून आलीस का गं? मी हो म्हणाले. मला खरं तर आनंद व्हायला हवा होता, माझ्या सांगण्याने काही झालं नव्हतं. पण ते सांगायचं तर त्यांच्या जिवाशी खेळ, आणि नाही सांगायचं तर ते आयुष्यभर मनात धरून बसणार की बायकोने मला असं केलं. मिरजगाव येईपर्यंत माझं ठरलं, गप्पच राहायचं. माझ्यासारखीला गप्प राहणं किती जड, ते माझं मला माहीत.

माझं मौन थोडेच दिवस टिकलं. एका संध्याकाळी शेजारचा तो शेतकरी ओसरीवर येऊन बसला. त्याच्या बायकोला पुन्हा दिवस गेले होते आणि तिच्या अंगात रक्त नव्हतं. तो म्हणाला, "गुरुजी, हिचं येवढं निभावलं की मी जानार शिबिराला. तुमी खरं सांगा, काय फरक पडतो का?" मी आत चुलीपाशी होते. हे म्हणाले, "नगं जाऊ. मी तुला आधी सांगितलं हुतं ते खोटं ठरलं. मानूस मानूस राहत न्हाई."

मी तशीच बाहेर आले. शेजारी उठून जाईपर्यंत धीर धरला, तेवढी लाज होती. तो गेल्यावर ह्यांना म्हणाले, ऑपरेशननं काही झालं नाही, ते ह्या गोळीनं झालंय, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगून टाकलं. शीर फुटते हेही सांगितलं. मग त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हा, "म्हंजे मी लोकास्नी खोटं न्हाई सांगितलं?" तसेच उठले, शेजारी गेले आणि त्याला म्हणाले, जा बिनधास्त. पुढे त्याच्या बायकोची सुटका झाल्यावर हे स्वतः त्याला शिबिराला घेऊन गेले.

घरी आल्यावर मात्र त्यांनी गोळ्यांचा डबा फळीवर मागे सरकवला. "थोडं दिस बघू," म्हणाले. मी नको म्हणाले, मोठ्यानंही म्हणाले. पण थोड्याच दिवसांत त्यांचं नाक मोकळं झालं. दाढी करताना गुणगुणू लागले. धाकटीला खांद्यावर घेऊन शाळेत गेले. शेजारी ऐकू जाईल असं ते हसणं घरात परत आलं. आणि ते माझ्याजवळ आले.

तो उन्हाळा दुष्काळाचा होता. विहिरी आटल्या होत्या, अर्धं गाव खडी फोडायला जात होतं, आणि मी सुखात होते. ते तसं होतं त्याला माझा इलाज नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षीही आम्ही असे नव्हतो. तेव्हा मी लाजरी होते आणि घरात सासू होती. आता मी पाण्यासाठी मैलभर जायचे आणि रस्त्यात उगाच हसू यायचं. मनात भीती होतीच. ते नुसते खोकले तरी मी हातातलं काम टाकून बघायला धावायचे. पण ते हसत घरात आले की मी ती भीती विसरायचे.

मग एके दिवशी दुपारी शेजारच्याने ह्यांना बैलगाडीत घालून घरी आणलं. शाळेत घोळणा फुटला होता. नाकातून रक्ताची धार लागली होती, सदरा, धोतर सगळं भिजलं होतं, आणि चेहरा पांढरा पडला होता. त्याच गाडीने मिरजगाव, तिथून नगर. डॉक्टर माझ्यावर ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ह्यांना म्हणाले, "नाकातून गेलं म्हणून वाचलात, गुरुजी. हेच डोक्यात झालं तर एक अंग जाईल, नाहीतर तुम्हीच जाल."

गोळ्या घेऊन आम्ही घरी आलो. डबा ह्यांच्या उशाशी ठेवला, पण ते त्याला हात लावेनात. एक दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी भर दुपारी मुलं बाहेर होती, मी ज्वारी निवडत होते. मी सूप खाली ठेवलं आणि म्हणाले, गोळी घ्या. ते म्हणाले, "तसं जगून काय करू? नुसता खुंट." मी मुलांची नावं घेतली. त्यांनी मान हलवली. मग माझ्याकडे बघून विचारलं, "आन् तुझं काय? तुझं वय काय झालंय? तू जलमभर कसं काढनार?"

त्या काळात, त्या गावात, कोणत्या नवऱ्याने बायकोला हे विचारलं असेल? मला तर दुसरा माहीत नाही. माझ्या मनात काय आहे ते त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं. आणि मी खरं सांगितलं असतं तर त्यांनी माझ्यासाठी गोळी टाकली असती, हे मला त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं.

म्हणून मी म्हणाले, "माझं काय घेऊन बसलाय. मला त्यात कवाच गोडी नव्हती. बायकांचं तसंच आसतं. तिसरीच्या टायमाला तर मन पार उडालं."

"मग ह्या म्हयन्यात?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या समाधानासाठी," मी म्हणाले.

इतकं खोटं मी आयुष्यात बोलले नाही. बोलताना सुपातल्या ज्वारीकडे बघत होते म्हणून जमलं. ते म्हणाले, "आसं आधी सांगायचं व्हतंस." उठून माठातलं पाणी घेतलं आणि गोळी गिळली. त्यानंतर कधी चुकवली नाही.

त्यांचा जीव वाचावा म्हणून मी बोलले, आणि वाचला. तेवढं माझ्या मनासारखं झालं. पण हे फार सरळ आणि भला माणूस. बायकोला जे नको होतं ते आपण इतकी वर्षं तिच्यावर लादलं, असं त्यांनी धरून घेतलं. आपली खाट ओसरीवर नेली. मला कुठे हात लागू नये म्हणून जपायला लागले. चहाचा कप हातात न देता खाली ठेवायचे. एकदा मला सणकून ताप भरला. मला वाटत होतं, ह्यांनी नुसता कपाळावर हात ठेवावा. ते दाराशी आले, काळजीने बघितलं, आणि शेजारणीला बोलावून आणलं, म्हणाले, हिच्या अंगाला हात लावून बघा जरा. मी भिंतीकडे तोंड करून रडले. शेजारणीला वाटलं तापामुळे.

मला त्यांचा हात हवा होता. बाकीचं नव्हतं व्हायचं तर नसतं झालं, मी ते सोडून दिलं होतं. पण हात, पाठीवरून, केसांवरून, त्याला तर गोळी आड येत नव्हती. आणि ते सांगायची सोय राहिली नव्हती. तेवढं एक सांगितलं असतं तर त्यांनी बाकीचंही ओळखलं असतं, आणि डबा पुन्हा फळीवर गेला असता. त्या भीतीने मी गप्प राहिले.

अशी वर्षं गेली. मुलींची लग्नं झाली, ह्यांच्या हस्ते कन्यादान झालं. मुलाचंही झालं, घरात सून आली. लोक म्हणायचे, गुरुजींचं बघा, ब्लडप्रेशर असून कसं नीट सांभाळलं, बाईनं जपलं म्हणून. नगरच्या दवाखान्यात म्हाताऱ्या डॉक्टरांच्या जागी तरुण डॉक्टर बसू लागले, आणि एकदा हे तिकडून निराळ्या गोळ्या घेऊन आले. मी ओसरीवर तांदूळ पाखडत होते. ते समोर बसले, वहाणा काढल्या, पाणी प्यायले.

"डॉक्टरनं गोळी बदलली," म्हणाले. "ही नवीन निघालीय. हिनं नाक चोंदत न्हाई म्हने." आत सून भांडी लावत होती, म्हणून आवाज खाली आणला. "आन् तो दुसरा त्रासही हुत न्हाई म्हने."

माझे हात थांबले. मी वर बघितलं. त्यांचे केस पिकले होते, माझेही. तोंड उघडलं होतं मी, शब्दही आले होते.

ते माझ्याकडे बघून हसले. खूप दिवसांनी, मायेनं. म्हणाले, "पन तुला काय त्याचं. तू सुटलीस म्हनून मला बरं वाटायचं बघ. येवढं एक सुख देता आलं तुला."

"व्हय," मी म्हणाले.